पक्षिछायाचित्रण
पक्षिछायाचित्रण : मुक्त पक्ष्यांची त्यांच्या नैसर्गिक परिसरात, त्यांच्या नित्य व्यवहारांत व्यत्यय न आणता छायाचित्रे घेण्याची कला. पक्ष्याला उपद्रव न देता त्याच्या जवळ कसे जावयाचे, हा तिच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय.

एकोणिसाव्या शतकात पक्ष्यांचा अभ्यास मुख्यतः बंदुकीने मारलेल्या नमुन्यांवर व गोळा केलेल्या अंड्यांवर होत असे. तत्कालीन कॅमेरे अवजड व मंदगती असून चित्र काचेच्या पट्टीवर घेतले जाई. त्यामुळे उडत्या पक्ष्याचे चित्र घेणे दुष्कर होते. घरट्याकडे मात्र पक्षी पुनःपुन्हा परततो. म्हणून घरटे हेच छायाचित्रकारांचे पहिले कार्यक्षेत्र ठरले. इंग्लंडमधील रिचर्ड (१८६२–१९२८) व चेरी (१८७१–१९४०) या कीर्टन बंधूंनी १८९२ मध्ये अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले. ब्रिटिश बर्ड्‌स नेस्ट्‌स (१८९५) हे त्यांचे पुस्तक अशा छायाचित्रांनी युक्त अशा आद्य ग्रंथांपैकी होय. पोकळ कृत्रिम खोड, बैलाच्या कातड्याचा पोकळ पुतळा अशी लपणे त्यांनी वापरली.

छायाचित्र लवकरच पुरावा म्हणून मान्य झाले. बिटर्न हा बगळ्याच्या कुलातील पक्षी इंग्लंडमध्ये वीण करीनासा झाला होता; एमा टर्नर यांनी १९११ मध्ये नॉर्फक येथे त्याच्या पिलाचे छायाचित्र घेऊन त्याची वीण पुन्हा सुरू झाल्याचे सिद्ध केले. अमेरिकेत विल्यम फिन्ली व हर्मन बोलमन यांच्या छायाचित्रांमुळे ऑरेगन किनाऱ्यावरील थ्री आर्च रॉक्सला १९०७ मध्ये संरक्षण मिळाले. एरिक हॉस्किंग (१९०९–९१) यांना १९३७ मध्ये घुबडाच्या हल्ल्यात डावा डोळा गमवावा लागला. तरीही त्यांनी हे कार्य सोडले नाही.

भारतात ई. एच. एन. लोथर यांचे अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया (१९४९) आणि आर. एस. पी. बेट्स यांच्यासह लिहिलेले ब्रीडिंग बर्ड्‌स ऑफ काश्मीर (१९५२) हे ग्रंथ महत्त्वाचे आहेत. सिंगापूरचे लोक वान थो (१९१५–६४) यांनी सलीम अलींसमवेत भ्रमंती करून पक्ष्यांची छायाचित्रे घेतली. पुढे एम. कृष्णन व टी. एन. ए. पेरुमल यांनी ही परंपरा समृद्ध केली.

घरट्याजवळील छायाचित्रणाचे दोषही क्रमाने स्पष्ट झाले. आड येणाऱ्या फांद्या छाटल्यास घरटे उन्हात व शत्रूंच्या दृष्टीत येते. मातापिता दीर्घकाळ दूर राहिल्यास अंडी वा पिले दगावतात. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणे याचाही शिकारीच्या व्याख्येत समावेश आहे. टेलिफोटो भिंगे व अंकीय कॅमेरे यांमुळे आता दुरूनही चित्र घेता येते. परंतु छायाचित्रकारांची संख्या वाढल्याने उपद्रवाचा धोकाही वाढला आहे. उजनी जलाशयावरील भिगवण येथे नाव फार जवळ नेल्यास रोहितांचा (फ्लेमिंगो) थवा चरणे सोडून उडतो. चित्र आकर्षक मिळाले, तरी पक्ष्याचा आहार व विश्रांती हिरावली जाते. बंदुकीच्या जागी आलेल्या कॅमेऱ्याचे सार्थक पक्षी निश्चिंत राहण्यातच आहे.