पाद्र्यानं टाकलेला शब्द

बिदरचा किल्ला मागे पडलाय आणि वाट उत्तरेला लागलीय. उदगीर-नांदेडच्या एसटीतून हे रान तुम्ही कितीदा तरी पाहिलंय, पण आज पायी निघालात आणि काळ आहे 1584 सालचा. डांबर नाही, विजेचे खांब नाहीत. सोयाबीनचं तर कुणी नावही ऐकलेलं नाही. काळी जमीन मात्र तीच, ज्वारीही तीच. उदगीर आणि कंधारचे किल्ले उभे आहेत. नांदेडला गोदावरी आहे, पण सचखंड गुरुद्वारा नाही; गुरू गोविंदसिंगजींना इथं यायला अजून सव्वाशे वर्षं आहेत.

तुमच्यापुढे तीन गोरे चालले आहेत. जॉन न्यूबेरी हा मुरलेला व्यापारी, विल्यम लीड्स जवाहिऱ्या, आणि राल्फ फिच लंडनचा सौदागर. इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीनं अकबर बादशहाला लिहिलेलं पत्र घेऊन ते घरून निघाले होते. गोवळकोंडा आणि बिदर मागे टाकून त्यांना वऱ्हाडातलं बाळापूर गाठायचंय आणि तिथून बुऱ्हाणपूर. पुढं फिच आपल्या प्रवासवृत्तात बिदरचं नाव ‘सर्व्हिदोर’ असं लिहील आणि बाळापूरचं ‘बेलापोर’. मधल्या एकाही गावाचं नाव तो लिहिणार नाही. आजचा लातूर-नांदेडकडचा मुलूख त्या दोन नावांच्या मधल्या कोऱ्या जागेत येतो.

बिदरची घरं मातीची आणि वर गवताचं छप्पर, एवढं त्यानं टिपलंय. इथं हिंदूही पुष्कळ आणि मुसलमानही पुष्कळ, पण धर्माचं प्रस्थ फार नाही, असाही शेरा त्यानं मारलाय. हा शेरा खरा की खोटा यावर वाद घालता येईल. पण तो मारणारा माणूस कुठून सुटून आलाय हे कळलं की त्याला तो मोकळेपणा का जाणवला असेल, हेही कळतं.

म्हणून थोडं मागं जाऊ. 29 नोव्हेंबर 1583, गोवा.

होर्मुझहून आलेलं जहाज धक्क्याला लागतं आणि चार इंग्रज कैदी उतरवले जातात. हे तिघे, आणि चौथा जेम्स स्टोरी नावाचा चित्रकार. होर्मुझमध्ये एका व्हेनिशियन व्यापाऱ्यानं त्यांच्याविरुद्ध कागाळी केली होती. धंद्यात नवा भिडू नको, हे त्याचं खरं दुखणं. आरोप मात्र हेरगिरीचा ठेवला गेला. शिवाय हे इंग्रज, म्हणजे पोपला न मानणाऱ्या राणीची प्रजा. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांसाठीचं धर्मन्यायालय, बसलेलं आहे. पाखंडी ठरलेल्या परक्याचं इथं काय होऊ शकतं, हे तुरुंगातल्या चौघांना कुणी समजावून सांगायची गरज नाही.

तुम्ही तुरुंगाच्या दाराशी उभे आहात. आत येणारा माणूस काळ्या झग्यातला जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा कॅथलिक पाद्री आहे. वय चौतिशीच्या आसपास. सेंट पॉल कॉलेजातून आलाय. तो तोंड उघडतो आणि चौघेही चमकून बघतात, कारण तो त्यांच्याच इंग्रजीत बोलतोय. हा थॉमस स्टीफन्स. गाव विल्टशरमधलं. कॅथलिक राहायचं म्हणून मायदेश सोडला, रोममध्ये जेझुइट झाला, आणि ऑक्टोबर 1579 मध्ये गोव्यात उतरला. पुढं मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारे फादर स्टीफन्स ते हेच. पण त्या ग्रंथाला अजून तीसेक वर्षं अवकाश आहे.

या माणसाच्या मनात काय काय असू शकतं, ते जरा मोजून बघा. दोन वर्षांपूर्वी, 1 डिसेंबर 1581 ला, एडमंड कॅम्पियन या त्याच्याच संघातल्या इंग्रज जेझुइटाला लंडनमध्ये हाल करून मारलं गेलं. ज्या राणीच्या राज्यात हे झालं, तिचंच पत्र या चौघांच्या सामानात होतं. चारच महिन्यांपूर्वी साष्टीतल्या कुंकळ्ळीला त्याचे पाच सहकारी मारले गेले आहेत. म्हणजे घरचं दुःख ताजं आणि देशाकडचा सलही जुना झालेला नाही. चौघांकडे पाठ फिरवली असती तर कुणी त्याला बोल लावला नसता.

पण तो त्यांच्यासाठी शब्द टाकतो. त्याच्या जोडीला ब्रुजचा एक फ्लेमिश जेझुइट आहे, पाद्री मार्को. दोघं व्हाइसरॉयकडे खेटे घालतात. आर्चबिशपच्या पदरी असलेला लिन्सखोटेन नावाचा तरुण डच कारकूनही आपल्या परीनं खटपट करतो. अखेर डिसेंबर सरायच्या आत जामिनावर सुटका होते. अट अशी की परवानगीशिवाय गोवा सोडायचा नाही. जानेवारी 1584 मध्ये फिच गोव्याहून घरी पत्र लिहितो, त्यात या दोन जेझुइटांचे उपकार स्पष्ट शब्दांत मानतो. ते पाठीशी उभे राहिले नसते, तर जीव वाचला असता तरी तुरुंग लांबला असता, असा त्याचा सूर आहे.

गोष्ट इथंच थांबवली तर ती फार गोड होईल. जेझुइटांना या चौघांत रस होता, त्यात आशाही होती: हे आपल्याकडे वळतील. चित्रकार स्टोरी वळलाही; चर्चची चित्रं रंगवायला तो त्यांच्याकडे राहिला. उरलेल्या तिघांना वाटलं, इथं राहिलो तर आज ना उद्या पुन्हा आत जाऊ. एप्रिल 1584 मध्ये ते गुपचूप सटकले. म्हणजे एका बाजूच्या चांगुलपणात हिशेब मिसळलेला होता आणि दुसऱ्या बाजूनं जामीन मोडला. तरीही फिचनं आभार पुसून टाकले नाहीत. तो 1591 मध्ये लंडनला परतला. त्याची हकिकत आणि पत्रं रिचर्ड हाक्लुटच्या प्रवाससंग्रहात छापली गेली. हाक्लुट स्वतः प्रॉटेस्टंट धर्मगुरू. त्याच संग्रहात त्यानं स्टीफन्सनं वडिलांना गोव्याहून लिहिलेलं पत्रही छापलं. जेझुइट हा शब्द त्या काळच्या इंग्लंडमध्ये शिवीसारखा वापरला जात होता, तेव्हाची ही गोष्ट आहे.

आता जरा लांब उडी घ्या. 1616 साली राचोलच्या छापखान्यात ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापलं जाताना पाहा. जवळपास अकरा हजार ओव्या, आणि देवनागरीचे खिळे नाहीत. तिथं न रेंगाळता थेट 1920 च्या दशकातल्या लंडनला या. प्राच्यविद्येच्या संस्थेत मार्सडेन संग्रहातलं एक जुनं बाड अभ्यासकांपुढे येतं. ‘क्रिस्तपुराण’, आणि तेही देवनागरीत! या बाडाचं महत्त्व ओळखून जगापुढं मांडणारे जस्टिन अ‍ॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे पक्के प्रॉटेस्टंट. पुढं मराठी संतकवींची इंग्रजी ग्रंथमाला काढणारे तेच हे अ‍ॅबट. एका जेझुइटाच्या काव्यासाठी त्यांनी एवढं का करावं? त्यांना मराठी आवडत होती आणि हे मराठी उत्तम होतं.

त्याच काळात नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत मात्र कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मिशनांची चढाओढ चालू होती. एकाच वस्तीत एका घरी ‘फादर’ आणि शेजारच्या घरी ‘पाळकसाहेब’. शाळा कुणाची, माणसं कुणाची, यावरून कुरबुरी होत. मग 1962 ते 1965 मध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद झाली. तिनं प्रॉटेस्टंटांना दुरावलेले भाऊ मानलं आणि मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, लोकभाषेत म्हणायला वाट दिली. लॅटिनच्या जागी मराठी आली आणि पहिला प्रश्न पडला तो गायचं काय. उत्तर शेजारी तयार होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्ये प्रॉटेस्टंट पंथात ख्रिस्ती झाले आणि 1919 मध्ये गेले. त्यांची भजनं आणि पदं प्रॉटेस्टंट उपासनेत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती. आता ती मिस्सातही घुमू लागली. पेटी तीच, तबला तोच, आणि गाणाऱ्याला कवीचा पंथ विचारायचं कारण उरलं नाही.

शेवटचा टप्पा तुमच्या गावाजवळचा आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. गणपती बोळवून दमलेली किल्लारी झोपलीय. फिचनं बिदरला पाहिलेली मातीची, गवती छपराची घरं इथं केव्हाच मागे पडली आहेत. इथली घरं जाड दगडी भिंतींची, वर लाकूड आणि मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार आणि भूकंपात काळ. भिंतींचे दगड नुसत्या मातीत बसवलेले. जमीन हलली तशा भिंती फुटल्या आणि वरच्या मातीचं सगळं ओझं झोपलेल्यांवर आलं. सरकारी आकडा 7,928 मृतांचा. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातली 52 गावं नव्यानं वसवावी लागली.

मदतीला सैन्य आलं, सरकार आलं, देशभरातून संस्था आल्या. त्यांत कॅथलिकांची कॅरिटास इंडिया होती आणि प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चांची ‘कासा’ ही संस्थाही. माळवदाखालून बाहेर काढलेल्या म्हातारीला या दोन नावांमधला फरक ठाऊक नव्हता. पोपचा अधिकार, मारियेचा मान, प्रभुभोजनाच्या भाकरीचा अर्थ या गोष्टींवर मदत करणाऱ्यांचं तेव्हाही एकमत नव्हतं आणि आजही नाही. त्या वादासाठी धर्मपंडित आहेत, त्यांच्या बैठकी आहेत, आणि त्या चालूही राहाव्यात.

पण क्रम महत्त्वाचा. स्टीफन्सनं आधी माणसं सोडवायची खटपट केली. मग त्यांचा धर्म बदलेल का, हे पाहिलं. अ‍ॅबटनी आधी ओव्या वाचल्या. मिस्सात आधी टिळकांचं पद म्हटलं गेलं. 31 ऑक्टोबर 2016 रोजी स्वीडनमध्ये पोप फ्रान्सिस आणि लुथरन पुढारी एकत्र आले. त्याच दिवशी कॅथलिकांच्या कॅरिटास इंटरनॅशनलिस आणि लुथरन मदतसंस्थेनं यापुढं संकटग्रस्तांसाठी मिळून काम करण्याच्या कागदावर सह्या केल्या. सह्या करणाऱ्यांचं कौतुक करायलाच हवं. मात्र दोन पंथांच्या माणसांनी एकाच मोडलेल्या मुलखात घाम गाळणं ही लातूर-धाराशिवच्या गावांना नवी गोष्ट नव्हती. त्यांनी ती तेवीस वर्षं आधीच पाहिली होती.