चौकंडीचा हट्ट

सुरतेच्या जुन्या बाजारातून चालताना अधूनमधून मान वर करावी. खाली सगळी दुकाने सारखीच दिसतात. लोखंडी शटर, फ्लेक्सचा फलक, साड्यांचे गठ्ठे आणि दाराशी आडव्यातिडव्या लावलेल्या दुचाक्या. पहिल्या मजल्यावर मात्र एखाद्या ठिकाणी कोरीव लाकडी टेकूंवर पुढे झुकलेला सज्जा दिसतो. त्याच्याही वर नजर नेली तर सिमेंटचे दोन मजले आणि निळी काच. आजोबा मधल्या मजल्यावर अडकलेले, खाली मुलगा आणि डोक्यावर नातू, अशी ही एकत्र कुटुंबे. म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात फिरणाऱ्या माणसाला हे दृश्य नवीन नाही.

जुन्या दुकानावर नवा मजला चढवायचा तर तो कसा असावा आणि ते कोणी ठरवावे, हा प्रश्न आपल्याला अगदी आजकालचा वाटतो. नगरनियोजन खाते, समिती, नकाशे, ना हरकत दाखला, हे सगळे आपल्याच काळात आले अशी समजूत असते. पण याच सुरतेत, साडेचारशे वर्षांहूनही आधी, एका वरच्या बांधकामावरून मोठा वाद झाला होता. त्यात हरकत घेणारे होते पोर्तुगीज, म्हणजे आपल्या ओळखीचेच!

१५३० साली पोर्तुगिजांची राजधानी कोचीहून गोव्यात आली. त्याच वर्षी अंतोनियु द सिल्व्हैरा याने सुरत जाळली आणि पुढच्याच वर्षी ती पुन्हा जळाली. तापीच्या मुखातून आत शिरून बाजार लुटायचा आणि परत जायचे, हा त्यांचा परिपाठ झाला होता. म्हणून गुजरातच्या सुलतान महमूदाच्या काळात खुदावंदखान या सरदाराने १५४० ते १५४६ च्या दरम्यान नदीकाठी आजच्या चौकबाजारात किल्ला उभारला. दगड लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांना जखडलेले आणि सांध्यांत शिसे ओतलेले. अकबराच्या पदरी असलेला इतिहासकार निजामुद्दीन अहमद याने या बांधकामाची हकीकत लिहून ठेवली आहे. पोर्तुगिजांनी आधी जहाजे आणून लढून पाहिले. ते जमेना तेव्हा किल्ला बांधू नये म्हणून पैसे देऊ केले. तेही नाकारले गेले तेव्हा त्यांनी शेवटची विनंती केली ती अशी की किल्ला बांधायचा तर बांधा, पण त्यावर आमच्या पोर्तुगालच्या धर्तीची चौकंडी तेवढी बांधू नका. किल्ला न बांधण्यासाठी जेवढे देणार होतो तेवढेच पैसे त्यासाठी देतो. चौकंडी म्हणजे वर उभारलेली छत्रीवजा चौकोनी माडी. खुदावंदखानाने हे पैसेही धुडकावले आणि फिरंग्यांना खिजवायला म्हणून चौकंडी मुद्दाम बांधली.

मला ही हकीकत फार आवडते. तोफा, खंदक, तटाची जाडी हे सगळे पोर्तुगिजांनी शेवटी पचवले, पण आपल्यासारखी दिसणारी माडी दुसऱ्याच्या इमारतीवर चढलेली त्यांना सोसवेना. इमारतीच्या माथ्यावर काय दिसते हा मानापमानाचा विषय असतो, हे दोन्ही बाजूंना पक्के ठाऊक होते. पोर्तुगीज बखरींतला कोजे सोफार तो हाच खुदावंदखान, असे इतिहासकार मानतात. १५४६ च्या दीवच्या वेढ्यात तो मारला गेला. त्याच वेढ्यात मोडलेला दीवचा कोट पुन्हा बांधायला द. जुवांव द काश्त्रु याने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले, ही गोष्ट आपल्याकडे अनेकांनी ऐकलेली असेल. एकाने माडीसाठी पैसे नाकारले, दुसऱ्याने भिंतीसाठी दाढी गहाण टाकली.

पण किल्ला ही राजाची मिळकत. बाजारातल्या इमारतींचे नशीब वेगळे असते, आणि ते पाहायचे तर किल्ल्याहून मुघलसराईकडे यावे. शाहजहानच्या काळात, १६४४ मध्ये, हकीकतखानाने ही सराई बांधली. मक्केला निघालेले यात्रेकरू आणि व्यापारी येथे उतरत. मध्ये मोठे अंगण, चारी बाजूंना खोल्या, भक्कम दरवाजा. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले आणि सुभेदार इनायतखान किल्ल्यात लपून बसला, तेव्हा सराई वीस वर्षांची होती. पुढे सुरतेचा व्यापार मुंबईने ओढून नेला, उतारू कमी झाले आणि इमारत रिकामी पडू लागली. सुरतेची नगरपालिका १८५२ ची, देशातल्या अगदी जुन्या नगरपालिकांपैकी एक. १८६७ पासून तिचा कारभार या सराईत सुरू झाला. म्हणजे शहरात कोणी कुठे किती बांधायचे याची परवानगी देणारे कार्यालय दीडशे वर्षांहून अधिक काळ एका मुघल धर्मशाळेत बसत आले आहे. कारभार वाढला तशी त्याला जागा लागली, आणि कचेरीला जागा लागली की काय होते ते मला सांगायला नको. व्हरांडा बंद होतो, लाकडी फळ्यांचे आडोसे उभे राहतात, कपाटांमागे कमान दिसेनाशी होते. हे मी कुणाला नावे ठेवण्यासाठी लिहीत नाही. माझे स्वतःचे टेबल अनेक वर्षे अशाच एका बुजवलेल्या कमानीला पाठ लावून होते, आणि ती कमान आहे हे मला रंगकाम निघाले तेव्हा कळले.

सुरतेच्या बाजारावर तीन-चार मोठी संकटे आली आणि प्रत्येक संकटानंतर बाजाराचा चेहरा बदलला. एप्रिल १८३७ मध्ये मोठी आग लागून नऊ हजारांहून अधिक घरे जळाली, आणि त्याच वर्षी पावसाळ्यात तापीला पूर आला. आज जुन्या सुरतेत जो लाकडी सांगाड्याचा आणि कोरीव सज्जांचा बाजार आपण जुना म्हणून पाहतो, तोही बराचसा त्या आगीनंतरचा नवा माल आहे. खाली दुकान, वर घर, ही त्याची मांडणी. पुढे १९९४ मध्ये प्लेग आला आणि शहराचे नाव जगभर वाईट अर्थाने गाजले. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी सफाईबरोबर अतिक्रमणे हटवली, रस्ते रुंद केले. त्याबद्दल सुरतकर आजही त्यांचे नाव आदराने घेतात, आणि ते योग्यच आहे. गटारावर बांधलेल्या ओट्याला वारसा म्हणण्यात अर्थ नाही. मात्र रस्ता रुंद होतो तेव्हा इमारतीचा जातो तो नेमका दर्शनी भाग. पाठीमागचे माजघर राहते आणि सज्जा जातो. मालक नवा चेहरा बसवतो आणि त्याच खर्चात वर दोन मजले काढून घेतो. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचे पाणी शहराच्या मोठ्या भागात शिरले, तेव्हा तळमजल्यांची पुन्हा अशीच उलथापालथ झाली. मोडतोड झाल्यावर घाईने उभारणी होते, आणि त्या घाईत कोणी नकाशाकडे वळून पाहत नाही. चेहऱ्याचा नियम असायला हवा तो संकटाच्या आधी.

आधी केलेला नियम किती टिकतो याचे उदाहरण मुंबईत आहे. १८९६ मध्ये हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा दादाभाई नौरोजी रस्ता, याच्यासाठी सरकारने एक साधी अट घातली. इमारत कोणत्याही शैलीची बांधा, पण तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची पडवी सोडा. मग कोणी गॉथिक बांधली, कोणी आणखी कशी, तरी रस्ता एका माळेत ओवल्यासारखा दिसतो. शंभर वर्षांनी याच कमानी दुकानांच्या पाट्यांनी झाकल्या गेल्या होत्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी तिथल्या पाट्यांसाठी नमुने तयार केले. पाटी कमानीच्या आत बसावी, कमानीवर नव्हे. दुकानदारांची समजूत घालून हे काम झाले आणि युनेस्कोने त्याची दखल घेतली.

एकूण शहरासाठी मुंबईचे वारसा नियम १९९५ चे, देशातले पहिले. इमारतींच्या श्रेणी ठरवल्या. पहिल्या श्रेणीत जवळजवळ हात लावायचा नाही, दुसरीत आतले बदल आणि काही बाबतीत शोभेल अशी वाढ, तिसरीत अधिक मोकळीक. बदलाचा अर्ज समितीकडे जातो आणि समिती आयुक्तांना सल्ला देते. या नियमांतली शहाणपणाची गोष्ट मला वाटते ती वेगळीच. मालकाचा बांधकामाचा हक्क समितीमुळे बुडाला तर तो त्याला दुसरीकडे वापरता किंवा विकता यावा, अशी तरतूद त्यात केली. ‘वर मजला नको’ एवढे सांगून फाइल बंद केली तर मालक दुसरा मार्ग शोधतो. कौले उतरवून ठेवतो, दोन पावसाळे जाऊ देतो आणि मग इमारत धोकादायक झाल्याचा दाखला घेऊन येतो. हा मार्ग आपल्याकडेही अनोळखी नाही.

परवानगी दिलीच तर नवे जुन्यासारखे दिसावे की वेगळे, हा पुढचा पेच. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेत म्हटले आहे की नव्या कामावर आपल्या काळाची मुद्रा असावी, जुन्याची बेमालूम नक्कल नको, आणि जुन्या तोलाला धक्काही नको. अमेरिकेत चार्ल्सटन शहराने तर १९३१ मध्येच जुन्या वस्तीसाठी असे परीक्षण मंडळ नेमले होते. कागदावर हे तत्त्व पटते. प्रत्यक्षात सुरतेतली निळी काच ‘आपल्या काळाची मुद्रा’ म्हणून पुढे येते, आणि पणजीत सिमेंटच्या चौकोनी इमारतीला खोटा बाल्कांव आणि प्लास्टरच्या कमानी चिकटवून ती ‘पोर्तुगीज शैली’ म्हणून विकली जाते. खुदावंदखानाने फिरंगी चौकंडी शत्रूला खिजवायला बांधली होती. आपण ती पर्यटकाला खूश करायला बांधतो.

गोव्यात फोंताइन्यशसारख्या भागांना संवर्धन क्षेत्र म्हणून संरक्षण आहे आणि तिथल्या बांधकामासाठी संवर्धन समितीकडे जावे लागते. फोंताइन्यश टिकले त्यात या नियमाचा वाटा आहेच. पण आपले लक्ष घरांवर आणि चर्चवर असते. बाजार ही जपण्याची जागा आहे असे आपल्याला वाटतच नाही. मडगावच्या किंवा म्हापशाच्या जुन्या पेठेतले कौलारू दुकान, ज्याच्या माडीवर शेटजींचे बिऱ्हाड होते, ते कोणत्या यादीत असते? पर्यटक त्याचा फोटो काढत नाही. त्याचा मालक मात्र आपल्या ओळखीचा असतो. तीन भावांच्या वाटण्या झालेल्या असतात, मुलाला वर ऑफिस काढायचे असते, आणि गळणाऱ्या कौलांखाली कापडाचे ठाण ठेवता येत नाही. त्याला वरचा मजला हवा आहे यात लबाडी काहीच नाही. तो रस्त्यावरून दिसणार नाही इतका मागे सारून, पुढची कौले तशीच ठेवून बांधता येतो. पण हे त्याला नकाशा काढण्याआधी कोणी सांगत नाही, आणि नकाशा आल्यावर सांगितले की ती त्रुटी होते.

सुरतेचा किल्लाही अनेक वर्षे सरकारी कचेऱ्यांनी भरलेला होता. महापालिकेने त्याची दुरुस्ती करून २०१८ आणि २०२२ अशा दोन टप्प्यांत तो लोकांसाठी खुला केला. आता महापालिका रिंग रोडवर, जुन्या तुरुंगाच्या जागेवर, पंचवीसहून अधिक मजल्यांची नवी कचेरी बांधत आहे. तिथे बस्तान हलले की मुघलसराई पुन्हा एकदा रिकामी होईल, जशी ती १८६७ च्या आधी झाली होती. तेव्हा आत काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे आजवर दुसऱ्यांचे नकाशे तपासणाऱ्या महापालिकेलाच स्वतःच्या इमारतीबाबत ठरवावे लागेल. मी गेलो त्या दिवशी दुपारची वेळ होती. एक शिपाई बगलेत फायलींचा गठ्ठा घेऊन त्या दरवाजाच्या कमानीखाली सावलीला थांबला होता, आणि आत जाणारे लोक त्याला बांधकाम परवान्याची खिडकी कुठे ते विचारत होते.