हायस्कूलच्या दप्तरातला मोबाईल

यंदा ज्यांची पोरं मलकापूर, बांबवडे, सरूडच्या हायस्कूलला जायला लागलीत, त्यांच्यासाठी लिहितोय. जरा लांबलंय, पण वाचा.

१९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोरगं शाळेत न धाडणाऱ्या आई-बापाला महिन्याला १ रुपया दंड. चूक पोराची नाही, जबाबदारी घरच्यांची, असा तो सरळ हिशेब होता.

मोबाईल मात्र कुणाच्या हुकमानं आला नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि कालपर्यंत "फोनला हात लावू नको" म्हणणाऱ्या आपणच हप्त्यावर हँडसेट आणले. रेंजसाठी पोरं टेकावर जाऊन बसायची. शाळा उघडल्या, फोन काही परत आला नाही. आता एसटीनं गेलेलं पोरगं पोचलं का, हे कळायलाही तोच लागतो. खोटं कशाला बोलू, आमच्याही घरात दिलाय.

७ जून २०२३ आठवतोय? स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं, जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं. ते स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन पोरंही होती. एका बोटाचं काम, आणि वयाच्या १८ च्या आत पोलिसांची नोंद.

गावांनी उपाय केलेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. त्याच वर्षी यवतमाळच्या बान्सी गावानं ग्रामसभेत ठराव करून १८ खालच्यांना मोबाईलबंदी केली. मला वडगाव जास्त पटतं, कारण तिथं भोंगा बापालाही लागू आहे.

नुसत्या बंदीची भीती का वाटते, सांगतो. माझा पुतण्या आठवीत. गेममध्ये ओळख झालेल्या 'मुली'नं फोटो मागितला, यानं पाठवला, मग पैशासाठी धमक्या. ११ दिवस पोरगं धड जेवलं नाही. विचारलं तर म्हणाला, "काका, फोन काढून घ्याल म्हणून बोललो नाही."

असं काही झालं तर आधी मारू नका. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा, पैसे अजिबात देऊ नका. २०१२ चा पोक्सो कायदा पोराच्या बाजूचा आहे, पोलीस ठाण्यात जायला लाजू नका. मुलांसाठी १०९८, सायबर फसवणुकीला १९३०. दोन्ही नंबर आज रात्री पोराला शेजारी बसवून त्याच्याच फोनमध्ये सेव्ह करा.