शिडाविना शिडाचं जहाज

१९२६ सालच्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या बंदरात एक जर्मन जहाज येऊन दाखल झालं. त्याचं नाव 'बाडेन-बाडेन'. अटलांटिक ओलांडून येणाऱ्या जहाजांचं न्यूयॉर्कला काही अप्रूप नव्हतं, पण या जहाजाची बातमी झाली. कारण त्याला शिडं नव्हती, तरी ते वाऱ्यावर चालत होतं! डोलकाठ्यांच्या जागी गिरणीच्या धुरांड्यासारखे दोन गुळगुळीत, उंच, उभे नळकांडे होते. त्यांतून धूर निघत नव्हता. ते नुसते स्वतःभोवती गरगर फिरत होते.

या घटनेला आता शंभर वर्षं होत आली. आज मोठमोठ्या तेलवाहू जहाजांवर पुन्हा तसेच नळकांडे उभे राहताना दिसतात. मग प्रश्न पडतो, की जी युक्ती १९२६ साली अटलांटिक पार करू शकत होती, ती मधली इतकी वर्षं होती कुठे? या प्रश्नाचं उत्तर विज्ञानापेक्षा व्यापाराच्या वहीखात्यात जास्त सापडतं.

आधी थोडं मागे जाऊ या. वारा फुकट असतो, पण शिडाचं जहाज कधीच फुकट चालत नव्हतं. कोकणच्या किनाऱ्यावर जुन्या तांडेलांना हे कुणी सांगायला नको. वारा पडला की बसून राहायचं, उलटा लागला की नागमोडी वाट धरायची आणि वादळ दिसलं की भर पावसात डोलकाठीवर चढून शिडं उतरवायची. म्हणजे वाऱ्याची किंमत दोन गोष्टींत मोजावी लागे, एक माणसं आणि दुसरा वेळ. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला. त्या अरुंद कालव्यातून आणि तांबड्या समुद्रातल्या लहरी वाऱ्यांतून शिडाची जहाजं नेणं अवघड होतं. वाफेच्या जहाजांना मात्र युरोपातून मुंबईला यायला सरळ, जवळची वाट मिळाली. तरीही चिलीचं सोरामीठ, ऑस्ट्रेलियाचा गहू असा घाई नसलेला माल शिडांवर पुढची कित्येक वर्षं जात राहिला. पण वेळापत्रक पाळणारं जहाज मिळू लागल्यावर बहुतेक व्यापाऱ्यांनी वाऱ्याला रामराम ठोकला.

नेमक्या याच दोन अडचणींवर अँटन फ्लेटनर या जर्मन संशोधकाची नजर होती. १८८५ साली जन्मलेला हा गृहस्थ सुरुवातीला शाळामास्तर होता. पुढे तो यंत्रांच्या नादी लागला. जहाजाचं भलंमोठं सुकाणू थोड्या बळाने वळवता यावं, यासाठी त्याने शोधलेली रचना नावाजली गेली होती. मग त्याने शिडांकडे मोर्चा वळवला. कापडाऐवजी विमानाच्या पंखासारखी धातूची शिडं लावावीत, असा त्याचा पहिला विचार होता. पण त्याच काळात गटिंगन इथे लुडविग प्रांटल यांच्या संस्थेत फिरत्या नळकांड्यांवर प्रयोग चालले होते. त्यांचे आकडे पाहून फ्लेटनरने धातूच्या शिडांचा बेत गुंडाळून ठेवला.

काय होते हे प्रयोग? त्यासाठी क्रिकेटच्या मैदानावर जाऊ. फिरकी गोलंदाजाने चेंडूला जोरदार पीळ दिला, की तो टप्पा पडण्याआधीच हवेत थोडा सरकतो किंवा फलंदाजाच्या अपेक्षेआधीच खाली उतरतो. वेगवान गोलंदाजाचा स्विंग वेगळा, तो शिवणीचा खेळ. फिरकीत मात्र चेंडू स्वतःबरोबर भोवतालची हवाही फिरवतो. ज्या बाजूला चेंडूचा पृष्ठभाग आणि समोरून येणारी हवा एकाच दिशेने जातात, तिथे हवा वेगाने पळते आणि तिचा दाब घटतो. दुसऱ्या बाजूला दोघं एकमेकांच्या विरुद्ध जातात. तिथे हवा रेंगाळते आणि दाब वाढतो. जास्त दाब चेंडूला कमी दाबाकडे ढकलतो. तोफगोळे नेम सोडून बाजूला का जातात, हे शोधताना हाइनरिख माग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाने १८५२ साली याचा अभ्यास केला. म्हणून याला 'माग्नुस परिणाम' म्हणतात.

आता चेंडूऐवजी जहाजावर उभा केलेला नळकांडा डोळ्यांसमोर आणा. तो मोटरने फिरतो आहे आणि वारा जहाजाच्या कुशीवर आडवा येतो आहे. नळकांड्याच्या एका बाजूला दाब कमी, दुसऱ्या बाजूला जास्त. हा जोर वाऱ्याच्या दिशेशी काटकोनात लागतो, म्हणजेच जहाजाच्या नाळेकडे. झालं, जहाज पुढे निघालं. नळकांडा उलटा फिरवला की जोरही उलटा. जहाज ढकलण्याचं काम वारा करतो. मोटरने फक्त नळकांडा फिरता ठेवायचा.

फ्लेटनरने 'बुकाऊ' नावाचं तीन डोलकाठ्यांचं जुनं जहाज घेतलं आणि कील इथल्या गोदीत त्याचं रूप पालटलं. शिडं, दोरखंड, डोलकाठ्या उतरवल्या आणि सुमारे १५ मीटर उंचीचे, ३ मीटर व्यासाचे दोन नळकांडे, म्हणजेच 'रोटर', बसवले. १९२४ च्या अखेरीस जहाज पाण्यात फिरू लागलं. जुन्या शिडांचा आणि दोरखंडांचा पसारा सुमारे ३५ टनांचा होता. नवी यंत्रणा ७ टनांची. वाऱ्याच्या तोंडावर जाताना जुनं जहाज वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन ठेवूनच चालू शकत असे. नवं जहाज २० ते ३० अंशांपर्यंत जाऊ शकलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे डोलकाठीवर चढणाऱ्या खलाशांची गरजच उरली नाही. १९२५ च्या फेब्रुवारीत जहाज डान्झिगहून लाकूड घेऊन उत्तर समुद्रातून स्कॉटलंडला सुखरूप पोचलं. पुढच्या वर्षी नाव बदलून 'बाडेन-बाडेन' झालेलं हेच जहाज न्यूयॉर्कला गेलं.

जगभर कौतुक झालं. खुद्द आइन्स्टाइन यांनी या जहाजामागचं तत्त्व समजावणारा लेख लिहिला. १९२६ मध्येच ब्रेमेनला तीन रोटरचं 'बार्बारा' हे मालवाहू जहाज बांधलं गेलं आणि भूमध्य समुद्रात ते काही वर्षं व्यवस्थित माल वाहत होतं.

आणि मग सगळं थांबलं. 'बार्बारा'चे रोटर काढून टाकले गेले. 'बाडेन-बाडेन' १९३१ साली कॅरिबियन समुद्रातल्या वादळात बुडालं. फ्लेटनर हेलिकॉप्टरकडे वळला आणि त्या क्षेत्रातही त्याने नाव कमावलं.

रोटर फसला होता का? मुळीच नाही. पण त्याच काळात डिझेल इंजिनं सुधारत होती आणि तेल स्वस्त होतं. रोटरने इंधन वाचत होतं, पण जे वाचत होतं त्याला किंमतच नव्हती. दहा रुपयांची बचत करण्यासाठी पन्नास रुपयांचं यंत्र कोण घेईल? वाऱ्याचा पराभव समुद्रात झाला नव्हता, तो झाला मालकाच्या पेढीवर.

हीच कथा पुढे एकदा जशीच्या तशी घडली. १९७३ च्या तेलसंकटात खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. तेल आयात करणाऱ्या जपानला मोठा चटका बसला. १९८० साली तिथे 'शिन आयतोकु मारू' हे छोटं तेलवाहू जहाज तयार झालं. पोलादी चौकटीवर कापड ताणलेली, मिटता येणारी त्याची शिडं संगणक हाताळत असे. पाठोपाठ आणखी काही जपानी जहाजांवर अशी शिडं चढली. फ्रान्समध्ये समुद्रसंशोधक जाक कुस्तो यांनी १९८५ साली 'आल्सियोन' नावाचं जहाज काढलं. त्यावरचे पोकळ, उभे खांब फिरत नसत. आतले पंखे बाहेरची हवा शोषून घेत आणि तोच परिणाम वेगळ्या रीतीने साधत. तेही अटलांटिक पार करून गेलं. पण १९८६ साली तेलाचे भाव जवळजवळ निम्म्यावर कोसळले आणि जहाजमालकांचा वाऱ्यातला रस त्यांच्याबरोबरच कोसळला.

आता तिसरी खेप चालू आहे. २०१० साली पवनचक्क्या बनवणाऱ्या एनरकॉन या जर्मन कंपनीने चार रोटरचं 'ई-शिप १' चालू केलं. पवनचक्क्यांचे भाग वाहून नेणारं जहाज वाऱ्याचीच मदत घेतं, हे योग्यच झालं. २०१८ मध्ये 'मर्स्क पेलिकन' या तेलवाहू जहाजावर प्रत्येकी ३० मीटर उंचीचे दोन रोटर बसवले. वर्षभराच्या नोंदी त्रयस्थ संस्थेने तपासल्या, तेव्हा इंधनाची बचत ८.२ टक्के भरली. २०२३ मध्ये सुमारे ८१ हजार टन क्षमतेचं 'पिक्सिस ओशन' निघालं. त्यावर ३७.५ मीटर उंचीचे दोन ताठ पंख बसवले होते. पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सरासरी ३ टन इंधन वाचल्याचं ते चालवणाऱ्या कारगिल कंपनीने जाहीर केलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. या जहाजांनी इंजिन टाकून दिलेलं नाही. वारा इथे धनी नसून मदतनीस आहे. वारा असेल तेव्हा इंजिन थोडं मंद करायचं, नसेल तेव्हा पूर्ववत चालवायचं. त्यामुळे वेळापत्रक बिघडत नाही. उपग्रहांच्या हवामान अंदाजामुळे कुठल्या वाटेने गेलं तर चांगला वारा मिळेल, तेही आधी कळतं. म्हणजे माणसं आणि वेळ, या शिडांच्या दोन्ही जुन्या अडचणी आता सुटल्या आहेत.

मग जगातल्या एक लाखाहून अधिक व्यापारी जहाजांपैकी वाऱ्याची मदत घेणारी जहाजं अजून इतकी थोडी का? काही कारणं साधी आहेत. डेकवर जागा लागते. माल चढवणाऱ्या क्रेनना उंच खांबांची अडचण होते. ३० मीटरचा खांब पुलाखालून जाईलच असं नाही. म्हणून काही जहाजांवर आडवे पाडता येणारे रोटर आले आहेत. अशा अडचणींवर इंजिनिअर तोडगा काढतातच.

खरी गाठ निराळी आहे. बरीच जहाजं मालक स्वतः चालवत नाहीत, ती मुदतीच्या भाड्याने दुसऱ्या व्यापाऱ्याला देतात. या करारात इंधनाचा खर्च भाडेकरूकडे असतो. रोटर बसवायचा तर कोट्यवधींचा खर्च मालकाने करायचा आणि वाचलेल्या तेलाचे पैसे भाडेकरूच्या खिशात जायचे! आपल्याकडे घरमालक भाड्याच्या घरावर स्वखर्चाने सौरबंब बसवायला का तयार नसतो, तेच हे कोडं. भाडेकरू म्हणतो, मी दोन वर्षांनी जाणार. मालक म्हणतो, वीजबिल माझं नाही.

हे कोडं बाजारावर सोडलं तर काय होतं, ते इतिहासाने दोनदा दाखवलं आहे. तेल महागलं की वारा आठवतो, तेल उतरलं की विसरतो. यावेळी एक नवी गोष्ट आहे ती धुराची. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अभ्यासानुसार २०१८ साली जगातल्या मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी २.८९ टक्के जहाजवाहतुकीतून बाहेर पडला. २०५० च्या आसपास जहाजांच्या हरितगृह वायूंचं प्रमाण निव्वळ शून्यावर आणायचं, असं सदस्य देशांनी २०२३ मध्ये ठरवलं. युरोपीय संघाने २०२४ पासून आपल्या बंदरांत येणाऱ्या मोठ्या जहाजांच्या कार्बनवर पैसे आकारायला सुरुवात केली. २०२५ पासून लागू झालेल्या त्यांच्या दुसऱ्या नियमात तर वाऱ्याच्या मदतीला खास सवलतही आहे.

साऱ्या जगासाठी असाच नियम करण्याचा मसुदा एप्रिल २०२५ मध्ये संघटनेच्या समितीत मंजूर झाला. बाजूने मत देणाऱ्या ६३ देशांत भारत होता. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये तो अंतिम मंजुरीला आला, तेव्हा अमेरिका आणि सौदी अरेबिया यांनी जोरदार विरोध केला. ५७ विरुद्ध ४९ मतांनी निर्णय वर्षभर लांबणीवर टाकण्यात आला. फ्लेटनरच्या वेळी अशी परिषदच नव्हती, म्हणून वाऱ्याचं भवितव्य फक्त तेलाच्या भावाने ठरवलं. आज ते ठरवायला माणसं एकत्र बसतात, हा फरक लहान नाही. मात्र त्यांनी नुसतं बसून भागणार नाही.

वारा सगळा प्रश्न सोडवेल असं नाही. आठ-दहा टक्के बचत म्हणजे उरलेले नव्वद टक्के तेल जळणारच आहे. त्यासाठी नवी इंधनं शोधावीच लागतील. पण ती इंधनं महाग असतील आणि तेव्हा वाचवलेल्या प्रत्येक टनाची किंमत आजच्यापेक्षा जास्त असेल. भारताचा परदेशी व्यापार वजनाने मोजला तर सुमारे ९५ टक्के समुद्रावरून होतो. आपल्या गाडीतलं इंधन, स्वयंपाकाचं तेल, डाळीही मोठ्या प्रमाणावर जहाजानेच येतात. त्या जहाजाच्या धुराची किंमत बिलात कुठेही लिहिलेली नसते. ती लिहिली गेली, तर जहाजमालकांना वाऱ्याची आठवण करून द्यायला कुणा संशोधकाची गरज पडणार नाही.