ओतीव शिशाची गोळी आणि स्वयंचलित बंदूक

मे 1818 मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने सोलापूरची पेठ आणि भुईकोट घेतला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या बंदुकांत मुख्यतः शिशाची गोळी होती. त्या काळच्या फौजांना गोळीसाठी कारखाना लागत नव्हता. लोखंडी पळी, कोळशाची शेगडी आणि दोन पाकळ्यांचा साचा असला की छावणीत बसून गोळ्या ओतता येत. शिसे 327 अंशांना वितळते, म्हणजे चुलीच्या आचेवरही. लोखंडाच्या जवळपास दीडपट जड असल्यामुळे लहानशा गोळीतही मोठा जोर राहतो. शिवाय ते मऊ असल्याने नळीला सहसा इजा करत नाही. ठासणीच्या बंदुकीला याहून सोयीचा धातू मिळणे अवघड होते.

पेचदार नळी आली तेव्हा शिशाचा मऊपणा आणखी उपयोगी पडला. 1849 च्या मिनिए गोळीचे पोकळ बूड दारूच्या दाबाने फुगे, नळीतल्या खाचांत घट्ट बसे आणि गोळी गिरकी घेत बाहेर पडे. हे गणित काळ्या दारूपुरते, सेकंदाला सुमारे चारशे मीटर वेगापर्यंत, नीट जुळत होते. 1886 मध्ये फ्रेंचांनी धूरविरहित दारूची लेबेल रायफल काढली आणि वेग सहाशेच्या पुढे गेला. एवढ्या वेगाला उघडे शिसे खाचा धरून ठेवत नाही. ते घासते, ओरबाडले जाते आणि नळीत त्याचा थर बसतो. स्वित्झर्लंडच्या रुबिनने 1882 मध्येच शिशावर तांब्याचे कवच चढवले होते. पुढच्या लष्करी गोळ्यांनी तीच वाट धरली.

तरीही स्वयंचलित बंदुकीत शिसे चालतच नाही, असे सरसकट म्हणणे चूक आहे. मॅक्झिमच्या सुरुवातीच्या मशीनगन मार्टिनी-हेन्रीच्या शिशाच्या काडतुसांवर चालत, कारण त्यांचे यंत्र मागे बसणाऱ्या धक्क्यावर फिरे. स्टेनसारख्या सबमशीनगनमध्ये गोळीचा वेग कमी असतो, तिथेही अँटिमनी आणि कथील मिसळून कठीण केलेले शिसे बऱ्यापैकी निभावते. खरी अडचण वायूवर चालणाऱ्या रायफलींत आहे. एके-47 घ्या. तिची गोळी सेकंदाला सुमारे 715 मीटर वेगाने सुटते आणि त्याच सेकंदात जवळपास तीन हजार गिरक्या घेते. नळीच्या अंगाला एक बारीक छिद्र असते. त्यातून निघालेला वायू दट्ट्या मागे ढकलतो, रिकामे काडतूस फेकतो आणि नवे आत आणतो. उघडे शिसे त्या छिद्राच्या कडेवर तासले जाते. त्याचा चुरा आणि जळालेले वंगण मिळून वायूची वाट अडवतात, की बंदूक अर्ध्या फेऱ्यातच अडकते.

हाताने खटका ओढायच्या बंदुकीत प्रत्येक बारामागे माणूस असतो, हा मला यातला सर्वांत महत्त्वाचा फरक वाटतो. आवाज फुसका आला तर तो थांबतो, नळीतून आरपार बघतो, अडकलेली गोळी काढतो. मिनिटाला सहाशे बार काढणाऱ्या यंत्रात दोन बारांमध्ये सेकंदाचा दहावा भाग असतो. एवढ्या वेळात कोणालाही काही कळणार नाही. अडकलेल्या गोळीवर पुढची येऊन आदळते, नळी फुगते किंवा फुटते आणि ज्याच्या गालाला बंदूक टेकलेली आहे त्याचा डोळा, बोटे, प्रसंगी जीवही जातो.

घरी ओतलेल्या गोळ्यांचे वजन सारखे येत नाही. एखादीच्या पोटात हवेचा फुगा राहतो, एखादीचे टोक नीट भरत नाही. एकेका बाराच्या बंदुकीत याने फार तर नेम चुकतो. स्वयंचलित बंदुकीत मात्र प्रत्येक बार पुढच्या बाराला ताकद पुरवतो, म्हणून एका गोळीची कसर साऱ्या यंत्राला भोवते. काडतूस आत ढकलले जाताना मऊ टोक चेपते, ते वेगळेच. गोळी शेगडीवरून कारखान्यात गेली ती या अचूकपणासाठी. 1869 पासून खडकीत आणि 1964 पासून भुसावळजवळच्या वरणगावात काडतुसे होतात. तिथे वजन, माप आणि दाब यांच्या चाचण्यांतून पार पडलेला मालच पुढे जातो.

चाप दाबून धरला की गोळ्या सुटतच राहतात, अशी बंदूक 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार निषिद्ध शस्त्र आहे, आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणे हाही गुन्हा आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक परवान्यावर बाळगणाऱ्या शेतकऱ्याला ही यंत्रे कधी हाताळावी लागणार नाहीत. पण शिसे त्याच्याही घरात येते, तसेच जाळ्याला वजने लावणाऱ्या तलावकाठच्या कुटुंबांतही येते. वितळताना निघणारी वाफ आणि नंतर हातांवर, कपड्यांवर राहणारी भुकटी रक्तात उतरते. लहान मुलांच्या मेंदूवर तिचा परिणाम सर्वांत जास्त होतो आणि झालेली हानी भरून येत नाही. शिसे वितळवायची पळी स्वयंपाकघरात आणू नका, ते काम मुलांसमोर किंवा बंद खोलीत करू नका, आणि विकत मिळणारी वजने परवडत असतील तर घरी ओतूच नका.