वेरूळच्या लेण्यांत ठगांना काय दिसले?

१/ वेरूळच्या लेण्यांत आपलाच धंदा कोरलेला आहे, गळा आवळण्यापासून प्रेत पुरण्यापर्यंत, असे पकडलेल्या ठगांनी विल्यम स्लीमनला सांगितले. त्याच्या १८३६ च्या ग्रंथात ही नोंद आहे. शिल्पांत प्रत्यक्षात पुराणकथा आहेत!

२/ हे सांगणारे माफीचे साक्षीदार होते. इतरांचे गळे आवळणाऱ्यांनी स्वतःचा गळा वाचवण्यासाठी दिलेल्या त्या जबान्या.

३/ १८३९ मध्ये निजामाच्या सेवेतील मेडोज टेलर याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी आली. नायक अमीर अली आपले खून स्वतःच रंगवून सांगतो. इंग्लंडमध्ये तिच्यावर वाचकांच्या उड्या पडल्या. खुनी-मालिकांचे वेड इतके जुने आहे.

४/ अमीर अली अजरामर झाला. वाटेत मारलेले वाटसरू मात्र निनावीच राहिले.