गुंठ्यांची बेरीज

परवा शनिवारी सांडोरच्या एका मित्राचा फोन आला. "अरे, तुझी क्वेरी चालत नाहीये." घरच्या वाटण्या चालू आहेत, आजोबांच्या जमिनी काकांमध्ये विभागायच्या. जुने कागद काढून त्याने टेबल केलं होतं आणि नावानुसार ग्रुप बाय लावून क्षेत्राची बेरीज मागितली. एसक्यूएल सर्व्हरने तोंडावर फेकलं : ऑपरंड डेटा टाइप व्हारचार इज इनव्हॅलिड फॉर सम ऑपरेटर.

कारण सरळ होतं. क्षेत्राच्या रकान्यात '2-35', '1-20' असा मजकूर होता. मजकुराची बेरीज कशी करणार? (मायएसक्यूएल असतं तर गपचूप सुरुवातीचा आकडा उचलून '2-35' चे 2 केले असते. म्हणजे आणखी वाईट.) पठ्ठ्याने डॅशच्या जागी टिंब टाकलं, कास्ट करून दशांश केला, आणि एरर गेली! मधल्या काकांची बेरीज आली 3.55 एकर. काकांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आमचे सव्वाचार एकरांच्या वर होते की रे!"

काका बरोबर होते. आता थोडा इतिहास.

मुंबई इलाख्यात प्रिंगलची मोजणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या जोडीने 1836 च्या सुमारास इंदापूरपासून नव्याने काम सुरू केलं. 1847 च्या त्यांच्या संयुक्त अहवालातून ही पद्धत पक्की झाली. या मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे 1 गुंठा, 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. म्हणजे '2-35' हा दशांश नव्हेच! डावीकडचा आकडा एकर, उजवीकडचा गुंठे, आणि 40 झाले की हातचा. 2-35 आणि 1-20 मिळून 4 एकर 15 गुंठे होतात. 3.55 एकर म्हणजे फक्त 3 एकर 22 गुंठे. मधल्या काकांचे 33 गुंठे, जवळजवळ 36 हजार चौरस फूट, एका कास्टमध्ये गायब! वसईत आज ही किती जागा झाली हे सांगायला नकोच.

पुढे मेट्रिक आलं (कायदा 1956 चा) आणि सातबारावर हेक्टर-आर आले. इथे खरी गंमत. 1 गुंठा म्हणजे साधारण 1.01 आर, जवळपास सारखेच. पण 100 आर झाल्यावर हेक्टर. तेव्हा नव्या उताऱ्यावरचं 2.35 म्हणजे 235 आर, साधारण 5 एकर 32 गुंठे. दिसायला तोच आकडा, जमीन दुप्पट.

आणि हा घोळ इंग्रजांच्याही आधीचा. वसई 1534 साली पोर्तुगीजांकडे गेली आणि 1554 मध्ये सिमाव बोतेल्यूने महसुलाची मोठी नोंदवही केली. त्यात रोख नाणी वेगळी आणि भाताचे मुडे वेगळे. मुडे आणि नाणी एका रकान्यात घालून बेरीज मारता येत नाही, हे त्या काळच्या कारकुनालाही कळत होतं!

कॉडने 1970 च्या शोधनिबंधात 'डोमेन' ही कल्पना मांडली होती, रकान्यात कुठल्या जातीची मूल्यं येऊ शकतात ती. 1974 च्या सीक्वेलपासून आपण ग्रुप बाय वापरतोय, पण डेटाबेसच्या लेखी गुंठा आणि आर दोन्ही नुसते आकडेच.

असो. आम्ही शेवटी काय केलं? मूळ मजकूर तसाच ठेवला. शेजारी 'एकक' नावाचा रकाना घातला. एकर गुणिले 40 अधिक गुंठे, असे सगळे पूर्णांक गुंठे केले, हेक्टरवाल्या ओळी 1.0117 ने भागून वेगळ्या काढल्या, मग सम, मग 40 ने भागाकार आणि बाकी. एक्सेलमधून आलेल्या दोन ओळींत मात्र '2-12' ची तारीख झाली होती, आणि 1.20 चं 1.2. म्हणजे 20 गुंठे की 2? त्यासाठी मूळ कागदच काढावे लागले. रविवारी दुपारी काका चष्मा लावून बसलेत आणि मित्र ओळीमागून ओळ वाचतोय.